मुलगी गाडीवर असताना फोन कोण करतंय? ड्रायव्हिंग मोड आणि ॲप्सबद्दल आईबाबांचे आणि नव्याने गाडी चालवणाऱ्या पोरांचे नेहमीचे प्रश्न

गेल्या जुलैतली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजून गेलेले, पाऊस धो धो, मुलगी क्लासवरून कोथरूडला घरी यायला निघालेली आणि मी इकडे गॅलरीत येरझाऱ्या घालत दहा मिनिटांत तिला तीन फोन केले. दोन तिने सोडून दिले. तिसऱ्याला तिला वाटलं घरी काहीतरी झालंय, म्हणून नळ स्टॉपच्या अलीकडे चालत्या गाडीवर डावा हात सोडून ती जीन्सच्या खिशातून फोन काढायला गेली, पुढच्याने ब्रेक मारला आणि स्कूटर घसरली. कोपरापासून मनगटापर्यंत हात सोलवटला, बाकी काही झालं नाही, मागून बस येत नव्हती एवढंच नशीब. फोन रस्त्यावर पडला होता, स्क्रीन तडकली होती आणि त्यावर अजून नाव दिसत होतं, "आई".

त्यानंतर मी या ड्रायव्हिंग मोड आणि ॲप्सच्या मागे लागले. आधी आमच्या घरातले चारही फोन, मग सोसायटीतल्या बऱ्याच घरातले लावून दिले. तेव्हा लोकांनी जे जे विचारलं ते सगळं इथे लिहितेय, काही उत्तरं लांबलीयेत कारण तिथे खरंच सांगण्यासारखं आहे.

ही ॲप्स नक्की करतात काय?

दोन जाती आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिली जात फोनला गप्प करते, म्हणजे गाडी चालू असताना नोटिफिकेशन, मेसेज, कॉल काही वाजत नाही, स्क्रीन उजळत नाही. आयफोनमधला ड्रायव्हिंग फोकस किंवा सॅमसंगचा ड्रायव्हिंग मोड ह्या जातीतले, ते फोनमध्येच असतात, फुकट. दुसरी जात लक्ष ठेवते, म्हणजे मुलगा कुठे आहे, स्पीड किती, जोरात ब्रेक मारला का, चालवताना फोन हातात होता का, हे आईबाबांना दाखवते, लाइफ३६० सारखी.

बहुतेक पालक येतात ते दुसरी जात विचारत येतात. माझं स्पष्ट मत आहे की आधी पहिली लावा. रिपोर्ट येतो तो झालेल्या गोष्टीचा येतो, आणि फोन वाजलाच नाही तर खिशाकडे हात जायचं कारणच उरत नाही.

आयफोनवर कसं लावायचं?

सेटिंग्ज, मग फोकस, मग वर प्लसचं चिन्ह, मग ड्रायव्हिंग. हे २०१७ च्या आयओएस ११ पासून आहे, २०२१ मध्ये आयओएस १५ आलं तेव्हा त्याला फोकस हे नाव मिळालं, त्यामुळे घरातला जुना आयफोन असला तरी बहुतेक चालेल. चालू कधी व्हायचं ते तुम्ही ठरवायचं: आपोआप, गाडीच्या ब्लूटूथला जोडल्यावर, कारप्ले (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) सुरू झाल्यावर, किंवा हाताने. कार असेल तर ब्लूटूथ सगळ्यात भरवशाचं, पण एक लक्षात ठेवा की ब्लूटूथला जोडलेलं असताना कॉल गाडीच्या स्पीकरवर येतातच, फक्त मेसेज आणि नोटिफिकेशन गप्प होतात. स्कूटरला ब्लूटूथ नसेल तर आपोआपवर ठेवा, पण मग पोरं बसमध्ये किंवा रिक्षात बसली तरी फोन समजतो की गाडी चालवतायत, आणि दर वेळी "मी गाडी चालवत नाहीये" असं दाबावं लागतं. ह्याचा कंटाळा येऊन पोरं सरळ बंद करून टाकतात, मी हे चार घरात बघितलंय. रोज बसने जाणाऱ्या आणि कधीतरीच गाडी नेणाऱ्या मुलासाठी हाताने चालू करायची सवयच बरी, हेल्मेट घालायच्या आधी एक टॅप.

अठराच्या आतलं मूल असेल तर स्क्रीन टाइममध्ये कंटेंट आणि प्रायव्हसीच्या निर्बंधात ड्रायव्हिंग फोकस बदलायला मनाई करता येते, पासकोड तुमच्याकडे राहतो. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

अँड्रॉइडवर?

इथे एक उत्तर नाही, कंपनीप्रमाणे वेगळं. सॅमसंगला मोड्स अँड रूटीन्समध्ये ड्रायव्हिंग आहे, ते कारच्या ब्लूटूथला जोडता येतं. पिक्सेल फोनला स्वतःहून हालचाल ओळखता येते. बाकीच्यांचं मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून सेटिंग्जच्या सर्चमध्ये ड्रायव्हिंग असं टाकून बघा, निघालं तर उत्तम आणि नाही निघालं तर साधं डू नॉट डिस्टर्ब घ्या, त्याचं बटण वरून खाली ओढल्यावर पहिल्याच ओळीत आणून ठेवा. हेतू तोच साध्य होतो. काही स्कूटर्समध्येही सोय असते, टीव्हीएस एनटॉर्क २०१८ मध्ये आली तेव्हापासून ब्लूटूथने फोनला जोडते आणि चालवताना आलेल्या कॉलला स्वतःच मेसेजने उत्तर पाठवू शकते. नवीन गाडी घेणार असाल तर शोरूममध्ये एवढं दाखवायला सांगा, आणि घरी आल्यावर खरंच लावा, कारण फिचर असून आयुष्यात एकदाही न जोडलेल्या गाड्या आमच्या पार्किंगमध्येच आहेत.

मोड लावलाय तरी माझा कॉल वाजला, असं कसं?

हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. दोन कारणं असतात. एक म्हणजे आई, बाबा हे नंबर मुलांनी परवानगीच्या यादीत टाकलेले असतात, किंवा तुम्हीच टाकायला लावलेले असतात. दुसरं म्हणजे लागोपाठ कॉलची सोय. आयफोनवर एकाच माणसाने तीन मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर तो आत सोडायचा असं सेटिंग असतं, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत दुसरा कॉल आला तर. इमर्जन्सी असेल म्हणून ती सोय केलीय आणि ती योग्यच आहे.

पण बघा, घाबरलेली आई काय करते? उचलला नाही की लगेच परत लावते. म्हणजे मोड सगळ्या जगाला थांबवतो आणि बरोबर तुमचाच फोन त्या पोरीच्या खिशात वाजतो. मी त्या रात्री तीन केले होते, मोड असता तरी दुसरा आत गेलाच असता.

आम्ही घरी असं ठरवलं की लागोपाठची सोय चालूच ठेवायची, पण तिचा अर्थ एकच, कोणीतरी हॉस्पिटलमध्ये आहे. "दूध आण", "कुठे पोचलीस", "आज भाजी काय करू" याच्यासाठी दुसरा कॉल नाही. आणि तिकडून, दुसरा कॉल वाजलाच तर मुलीने आधी गाडी बाजूला घ्यायची, स्टँडवर लावायची, मग फोन काढायचा. गेल्या वर्षभरात असा कॉल एकदाही करायची वेळ आलेली नाही, देवाची कृपा.

ऑटो रिप्लाय व्हॉट्सॲपवर जातो का?

नाही, आणि इथेच आपल्याकडे घोळ होतो. आयफोनचं "मी गाडी चालवतोय" हे उत्तर साध्या मेसेजमधून जातं, व्हॉट्सॲपवर नाही. आपल्याकडे साधे मेसेज बघतं कोण, तिथे बँकेचे ओटीपी असतात. म्हणजे मैत्रीण व्हॉट्सॲपवर "कुठेयस" करत राहते आणि तिला काहीच उत्तर मिळत नाही. ह्याला ॲपचा उपाय शोधत बसू नका, निघताना ग्रुपवर "निघाले, चाळीस मिनिटं" एवढं टाकून फोन आत टाकायचा. माझ्या मुलीच्या ग्रुपमध्ये आता पोरं नुसता हेल्मेटचा इमोजी टाकतात आणि सगळ्यांना कळतं.

मग पोचली की नाही हे कळायचं कसं? जीव टांगणीला लागतो हो.

माहितीये मला. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास देता येतं, निघताना एक तासाचं दिलं की पुरे. गूगल मॅप्सवर रस्ता लावला असेल तर तो प्रवास शेअर करता येतो, पोचलं की आपोआप थांबतो, मला हे जास्त आवडतं कारण दिवसभर पाळत ठेवल्यासारखं होत नाही. घरात सगळे आयफोनवाले असतील तर आयओएस १७ पासून मेसेजेसमध्ये चेक इन आहे, मूल सुखरूप पोचलं की तुम्हाला स्वतःहून कळवतं आणि वाटेत फार वेळ अडकलं तरी कळवतं.

एक सांगते, नकाशावरचा ठिपका थांबला म्हणजे अपघात झाला असं नाही. नेटवर्क जातं, सिग्नल असतो, पावसात पोरं पुलाखाली थांबतात. पहिल्या आठवड्यात ठिपका थांबला की माझ्या पोटात गोळा यायचा, फोनकडे हात जायचा. मग ठरवलं की ठरलेल्या वेळेनंतर वीस मिनिटं काहीही करायचं नाही. आणि वीस मिनिटं झाल्यावर एकच कॉल. सुरुवातीला फार अवघड गेलं, खोटं कशाला बोलू.

ब्लूटूथ हेल्मेट किंवा एका कानात इअरफोन चालेल ना? हात तर मोकळे असतात.

हात मोकळे असतात, डोकं नसतं. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं सिम्युलेटरवर, म्हणजे नकली गाडीवर, हे तपासलंय, हँड्सफ्रीवर बोलणाऱ्याचं लक्षही जवळपास फोन हातात धरणाऱ्याइतकंच उडतं, समोरची गोष्ट डोळ्यांना दिसते पण मेंदूपर्यंत पोचत नाही. २००६ च्या त्यांच्या एका अभ्यासात फोनवर बोलणाऱ्या चालकांची तुलना तिकडच्या कायद्याच्या मर्यादेइतकी दारू प्यायलेल्या चालकांशी केली होती आणि बोलणारे काही सरस ठरले नव्हते.

मग मागे बसलेल्या मैत्रिणीशी बोलणं वेगळं का? कारण ती पण रस्ता बघत असते. रिक्षा आडवी आली की ती गप्प होते किंवा "अगं बघ!" म्हणून ओरडते. फोनवरच्या माणसाला रिक्षा दिसत नाही, तो बोलतच राहतो. याच गटाने २००८ मध्ये हेही दाखवून दिलं होतं.

आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे फोन हेल्मेटमध्ये गालापाशी खुपसणं, किंवा पोरींचा स्कार्फमध्ये कानाशी घट्ट बांधलेला फोन. तो सरकला की एक हात वर जातोच, आणि जातो तो नेमका वळणावर जातो.

पण मॅप तर बघावाच लागतो.

हो, आणि कायद्यालाही ते मान्य आहे. केंद्राच्या नियमात बदल झाला त्यानुसार १ ऑक्टोबर २०२० पासून फोनचा वापर फक्त रस्ता शोधायला करता येतो, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. म्हणजे निघायच्या आधी पत्ता टाकायचा, आवाज चालू ठेवायचा, फोन होल्डरवर. चुकलं वळण तर चुकू दे, पुढे जाऊन थांबून बघायचं. होल्डरवर फोन असताना ड्रायव्हिंग मोड तर लावलाच पाहिजे, नाहीतर मॅपच्या वर सगळे मेसेज येऊन नाचतात.

मुलांना हिशोब करून दाखवा. ताशी ४० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. एक मेसेज वाचायला पाच सेकंद धरले तर ५५ मीटर. आपली मोठी बस साधारण १२ मीटरची, म्हणजे साडेचार बसेस एकापुढे एक उभ्या केल्या तर तेवढं अंतर तुम्ही न बघता गेलात. माझ्या मुलीला बाकी कुठल्याही बोलण्याने फरक पडला नव्हता, ह्या बसेसच्या हिशोबाने पडला.

जाता जाता, बाईकच्या हँडलवर आयफोन लावणाऱ्यांसाठी: मोठ्या इंजिनच्या थरथरीने कॅमेरा खराब होऊ शकतो असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय, व्हायब्रेशन शोषणारा होल्डर घ्या.

पकडलं तर काय होतं? आणि सोळाव्या वर्षी गाडी चालते का?

२०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात हातात फोन धरून चालवणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरलंय, कलम १८४, पहिल्या वेळेला १,००० ते ५,००० रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन्स मिळतं, आणि आपल्या घरोघरी असलेल्या स्कूटर्स ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. "जवळच तर जायचंय" म्हणून चावी देणाऱ्यांनी कलम १९९अ वाचावं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. अशा मुलाच्या फोनमध्ये कुठलं ॲप लावू असं मला विचारू नका, चावी कपाटात ठेवा.

लाइफ३६० सारखं ॲप घ्यावं का मग?

मुलाला सांगून, त्याच्यासमोर बसून लावणार असाल तर घ्या. चोरून लावू नका. अठरा-एकोणीसची पोरं दोन दिवसांत ओळखतात, मग फोन मित्राच्या घरी ठेवून फिरतात, आणि ॲप तर गेलंच, तुमच्यावरचा विश्वासही गेला. शिवाय ही ॲप्स चुकतात, मुलगा मागे बसून फोन बघत असला तरी चालवताना फोन वापरला असं दाखवू शकतात. आल्या आल्या रिपोर्ट नाकासमोर धरून भांडण केलं तर पोरगं पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही. रविवारी एकदा, चहा पिताना, दोघांनी मिळून बघा.

आणि डेटाचं बघा. लाइफ३६० लोकांची लोकेशनची माहिती विकत होतं हे २०२१ मध्ये बाहेर आलं होतं, मग कंपनीने तो धंदा बराच कमी केला. पैसे भरायच्या आधी सेटिंगमध्ये डेटा शेअरिंग कुठेकुठे चालू आहे ते बघून बंद करा, आणि कुठली फिचर्स भारतात चालतात तेही तपासा, सगळी सगळीकडे मिळत नाहीत.

मुलगा म्हणतो, "बाबा स्वतः कारमध्ये सतत फोनवर असतात."

खरं बोलतोय तो. २०१४ मध्ये अमेरिकेत नोएल लावॉय नावाच्या संशोधक बाईंनी ४०० हून जास्त किशोरवयीन मुलांशी बोलून एक अभ्यास मांडला होता. गाडी चालवताना फोनवर बोलतो असं सांगणाऱ्या मुलांपैकी ५३ टक्के मुलं आईशी किंवा बाबांशी बोलत होती. मित्राशी बोलणारी ४६ टक्के, म्हणजे मित्र आपल्या मागे. आईबाबांचा फोन उचलला नाही तर ते चिडतात, आणि ते स्वतः चालवताना बोलतातच की, असं मुलांनी सांगितलं. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले होते.

म्हणून माझी अट आहे, ॲप लावायचं तर घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याच्या फोनवर. आमच्याकडे मुलीने बाबांच्या फोनवर ड्रायव्हिंग मोड लावून दिला, उलटं नाही. त्यांचं कामच फोनवरचं, साइटवरून कॉल येतात, पहिले पंधरा दिवस रोज कुरकुर झाली. मग त्यांनी कॉन्ट्रॅक्टरना सांगून टाकलं की साडेनऊ ते सव्वादहा मी गाडीत असतो, नंतर करा. कोणाचं काही अडलं नाही. मूल बालवाडीत असल्यापासून मागच्या सीटवरून आपल्याला बघत असतं, लायसन्स मिळेपर्यंत त्याने आपलीच ड्रायव्हिंग शिकलेली असते.

माझी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीच्या एडिसनला असते, भाची सोळाची झाली, तिकडे काय?

न्यू जर्सीत शिकाऊ आणि प्रोबेशनरी लायसन्सवर फोन हँड्सफ्रीसुद्धा चालत नाही, आणि एकवीसच्या आतल्या अशा चालकांना नंबर प्लेटवर लाल स्टिकर लावावे लागतात. कॅलिफोर्नियातही अठराच्या आत हँड्सफ्री बंद आहे. म्हणजे इथून मावशीने व्हिडिओ कॉल केला आणि भाचीने गाडीत घेतला तर तिच्या लायसन्सवर येतं. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची पहाट हे डोक्यात ठेवून, आधी "घरी आहेस का" असा मेसेज टाका.

क्रॅश डिटेक्शन आहे ना फोनमध्ये, मग काळजी कशाला?

आयफोन १४ पासून ते आहे, पण कारच्या मोठ्या अपघातासाठी बनवलंय, स्कूटर घसरली तर कळेलच असं नाही. ११२ आणि १०८ हे नंबर मुलांना तोंडपाठ हवेत, लॉक स्क्रीनवर रक्तगट आणि घरचा नंबर भरून ठेवा.

मला हे सेटिंग वगैरे काही जमत नाही, सोपं काहीतरी सांगा.

डिकी. फोन डिकीत टाकायचा आणि गाडी सुरू करायची. पावसात भिजत पण नाही. उघडायचं तर थांबावंच लागतं, उतरावं लागतं, सीट उचलावी लागते, त्यामुळे कोणी चालत्या गाडीवर फोन काढूच शकत नाही. माझी मुलगी आता मोड लावून वर डिकीतही टाकते. कार असेल तर मागच्या सीटवरच्या बॅगेत.

आजी-आजोबांना कसं समजवायचं? ते ऐकत नाहीत.

आमच्या सासूबाई साताऱ्याला असतात आणि रोज रात्री जेवण झालं की नऊला नातीला फोन करायच्या, बरोबर क्लास सुटायच्या वेळेला. नाही उचलला की परत, परत नाही उचलला की मला, मला नाही लागला की ह्यांना. ड्रायव्हिंग मोड म्हणजे काय ते सांगून काही उपयोग झाला नाही, "आमच्या वेळी नव्हतं असलं" म्हणाल्या. मग नातीनेच सुट्टीत गेल्यावर आजीला शेजारी बसवून हाताचा तो डाग दाखवला आणि कसं झालं ते सांगितलं. माझं नाव घेतलं नाही तिने, मीच सांगितलं की फोन माझा होता. आता आजीचा फोन सकाळी सातला येतो, मुलगी ओट्यापाशी उभी राहून पोहे खात असते, फोन स्पीकरवर डब्याला टेकवून ठेवलेला असतो आणि दोघी वीस वीस मिनिटं बोलतात.